निथळतं कडं

५ मार्च

प्रिय भावोजी,

फोनवर तुम्ही "हो वहिनी, बरं वहिनी" म्हणता, मागे यंत्रांचा खडखडाट, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलणं काहीच झालं नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्राच्या मध्ये कुणी खडखड करत नाही.

सोबत गाठोडं आहे. ह्यांच्या पलंगावरची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चादर मध्यावर विरली होती. विरलेलं काढून उरलेल्याचे बारा तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या, दोनदा उकळत्या पाण्यातून काढले. तान्ह्या बाळाच्या गालाला लावावं इतकं मऊ झालंय. कारखान्यात पुसायची कापडं मोजून मिळतात असं तुम्ही मागे म्हणाला होतात. मग घरात चादर असून तुम्ही का अडावं? देवाने दिलेलं शेवटच्या धाग्यापर्यंत वापरावं, हे तुम्ही नऊ वर्षांचे होतात तेव्हापासून सांगत आले आहे. तेव्हा ऐकत नव्हतात, आता तरी ऐका.

समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमचा दीर करतो काय नेमकं?" मी म्हटलं, "विजेच्या कारखान्यांची मोठी इंजिनं दुरुस्त करतो." तर म्हणतात, "सगळं इंजिन एकटाच?" काय सांगू त्यांना? मला समजेल असं लिहून पाठवा. आणि तपासनिसाचा शिक्का कधी मिळतोय तेही कळवा. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलेत, "माझ्या भावाच्या शिक्क्याशिवाय इंजिन हलणार नाही."

जेवणाच्या वेळा सांभाळा.

तुमची वहिनी


१४ मार्च

वहिनी,

तुम्हाला वाकून नमस्कार. दादांनाही, आणि त्यांची कंबर धरलेली असल्यामुळे त्यांच्या वाटचंही मीच वाकतो.

गाठोडं मिळालं. कापडं सुरेख आहेत. टेबल आणि हत्यारं पुसायला ठेवली आहेत. इंजिनाच्या भागांना घरचं कापड चालत नाही, त्यांना बंद पाकिटातलं, धागा न सोडणारं कापड लागतं. पण टेबलही चकचकीत हवंच ना.

आता समोरच्या बाईंसाठी. इंजिनाच्या पोटातून एक दांडा जातो, मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगवर फिरतो तिथे तेल हवं, आणि लगेच पलीकडे तापलेली हवा. तेलाने तिकडे जायचं नाही, हवेने इकडे यायचं नाही. मध्ये पहारेकरी म्हणून सील. सील म्हणजे दोन कडी. एक कार्बनचं, जागेवर बसून राहणारं, दुसरं स्टीलचं, दांड्याबरोबर गरगरणारं. स्प्रिंग पहिल्याला दुसऱ्यावर दाबून धरते. दोघं जन्मभर एकमेकांना घासतात आणि तापतात. संसारच म्हणा.

फार तापलं तर कडं वाकडं होतं, कार्बन झिजतो, तेल गळतं आणि जळून कोळसा होतं. म्हणून थंड ठेवायचं. सुरीला धार लावणारा चाकावर पाण्याची धार सोडतो, तसं इथे तेल सोडतात, पण आतून. स्टीलच्या कड्याच्या पोटातून चोवीस भोकं काढलेली असतात, सुईच्या नेढ्याहून जरा मोठी. कडं फिरलं की तेल आपोआप त्यांतून बाहेर फेकलं जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं.

माझं काम एवढंच की कडं टेबलावर बसवायचं, तेल सोडायचं आणि चोवीस धारा मोजायच्या. तेवीस चालत नाहीत. बाईंना सांगा, तुमचा दीर भोकं मोजतो.

मोजून झालं की कडं तसंच तेलाने निथळत ट्रेमध्ये ठेवून धुण्याच्या खोलीत न्यायचं. तिथे मावशी असतात. त्या ते धुतात, गाळलेल्या हवेच्या झोताने वाळवतात आणि पिशवीत बंद करतात. अकरा वर्षं हेच करताहेत. माझी इस्त्री बघून मला "नवरदेव" म्हणतात. ट्रेमधून थेंब सांडले की ओरडतात, "आले नवरदेव, तेलाची रांगोळी काढत!"

शिक्का बहुतेक एप्रिलमध्ये.

तुमचा
भावोजी


१७ एप्रिल

वहिनी,

नमस्कार. घाईत आहे. यापुढे कापडं पाठवू नका, आणि घरी काही उरली असतील तर तिथेच वापरा.

इथे एक इंजिन चाचणीत बिघडलं. सुरू करून तासभरही झाला नव्हता तर जळक्या तेलाचा वास यायला लागला. उघडलं, तर तेच सीलचं कडं एका बाजूने तापून निळं पडलेलं. दोन भोकांत कोळसा, आणि तिसऱ्यात अर्धवट जळलेला धागा. आमचे मुख्य तपासनीस, ज्यांना सगळे "भिंग" म्हणतात कारण भिंग त्यांच्या गळ्यातच असतं, त्यांनी तो चिमट्याने काढला. निळा आहे. धुण्याच्या खोलीतल्या मावशी डोक्याला निळा रुमाल बांधतात. धारा मोजून झाल्यावर कडं शेवटचं त्यांच्याच हातात होतं. त्यांना घरी बसवलं आहे. वीस मेला चौकशी आहे. ठपका बसला तर कंत्राट संपेल, आणि या कामाच्या कुठल्याही कारखान्यात त्यांना पुन्हा कुणी उभं करणार नाही.

शिक्का सध्या राहू दे. दादांना सांगू नका.

भावोजी


२२ एप्रिल

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, ते लिहूनच टाकते, पोटात ठेवून काय उपयोग? "कापडं पाठवू नका." साधं "पुरे आता, वहिनी" म्हटलं असतंत तरी चाललं असतं. साहेब होणार म्हणजे जुन्या चादरीचे तुकडे टेबलावर शोभणार नाहीत, हे मला कळतं. याच हाताने तुमच्या शाळेच्या शर्टाला ठिगळं लावली होती, तेव्हा तुम्ही ती मुलांना दाखवत फिरायचात. असो. दिवस बदलतात.

त्या मावशींचं ऐकून जीव हळहळला. मी त्यांच्यासाठी रोज देवापुढे दोन मिनिटं बसते. पण भावोजी, एक सांगते. अकरा वर्षं काम केलं म्हणून हात चुकत नाही असं नाही. चूक कुणाच्याही हातून होते. झाली तर मान खाली घालून "माझ्याकडून झालं" म्हणावं आणि मोकळं व्हावं. करून सवरून नामानिराळं राहणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही. त्यांना माझ्या नावाने सांगा, कबूल करा, देव दार उघडेल.

हे तुमच्या शिक्क्याचं विचारतात. मी "पुढच्या महिन्यात" म्हणून सांगितलंय. पहिल्यांदा खोटं बोलले ह्यांच्याशी.

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. निरोप मावशींना द्यायचा नव्हता. तो मलाच होता, तुम्हाला ठाऊक नसताना.

त्या दिवशी मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येणार होते. फरशी नुकतीच पुसलेली. मी धारा मोजल्या, पुऱ्या चोवीस. तसं लिहून सही केली. तोवर सगळं खरं. मग ट्रे उचलला तर कडं निथळतंय. एवढ्या स्वच्छ फरशीवरून थेंब पाडत जायचं? पाकिटातलं कापड संपलं होतं आणि भांडारासमोर रांग. तुमचं कापड खिशात होतं. कडं पुसलं. तुम्ही शिकवलं होतं ना, ओलं भांडं फळीवर ठेवायचं नाही, आणि किटलीची तोटी कापडाचा पीळ घालून कोरडी करायची? हात आपोआप तसाच वळला. एकेका भोकावर पीळ फिरवला. त्या भोकांच्या कडा धारदार असतात, धागा तोडून आत ठेवून घेतात. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवतो.

मावशींनी धुतलं, झोत दिला. ओला धागा आत चिकटून बसलेला, तो कसा निघणार? त्यांनी ट्रे घेताना मला विचारलंही होतं, "आज थेंब कसे नाहीत, नवरदेव?" मी हसलो.

भिंगांनी तो धागा मला दाखवला. निळा, त्याला एक पांढरा तंतू लागलेला, आपल्याच चादरीचा. मी म्हटलं, "रुमालाचा असेल." वहिनी, हे शब्द माझ्याच तोंडून पहिल्यांदा बाहेर पडले. बाकीच्यांनी नंतर उचलले.

आता काय करू ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

भावोजी


५ मे

भावोजी,

हे पत्र वाचून फाडून टाका.

गप्प राहा. मी विचार करूनच लिहिते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत. पुसलंत, घाण तर केली नाहीत? वर चादर माझी, शिकवण माझी. चौकशीत ते विचारणार, कापड कुठलं, कुणी दिलं. ह्यांची तब्येत तुम्ही जाणता. भावाचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. हे कानावर गेलं तर ते अंथरूण धरतील. समोरच्या बाई आहेतच चार घरी सांगायला.

मावशी कष्टाळू आहेत, त्यांना दुसरीकडे धुण्या-पुसण्याचं काम मिळेल. तुमची एवढी वर्षांची विद्या मात्र परत मिळणार नाही. देव त्यांचं बघेल. आपण आपलं बघू.

कुणाशी अवाक्षर काढू नका.

वहिनी


११ मे

भावोजी,

माझं पाचचं पत्र मी लिहिलं नाही असं समजा. नाही, तसं समजू नका. मीच लिहिलं. टेबलाशी बसून, धडधाकट असताना, चष्मा लावून लिहिलं.

ते टपालात टाकून आल्यापासून सहा दिवस मी देवापुढे बसते आहे, सवयीने. काल बसले आणि आपण मागतोय काय ते माझं मलाच ऐकू आलं. मी मागत होते, "त्या बाईचं काम जायचंच असेल तर लवकर जाऊ दे, म्हणजे विषय संपेल." हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडात हे. उठले. समई लावली नाही. त्या जागेकडे बघायचीही लाज वाटली.

मावशींना कबूल करा म्हणून निरोप पाठवणारी मी. चूक आपल्या घरात निघाल्याबरोबर माझ्या शास्त्राची पानं उलटी फिरली. तुम्ही लहानपणी बरणी फोडलीत तेव्हा खरं सांगेपर्यंत मी तुम्हाला उभं केलं होतं. तेव्हा बरणी होती. आता एका बाईचं पोट आहे, आणि मी तुम्हाला बसायला सांगितलं.

वीस तारखेच्या आधी जाऊन सांगा. ह्यांना मी सांगते. जे होईल ते होईल.

हे पत्र तुम्हाला वेळेत मिळो. आणखी काही मागायचा अधिकार मला उरला नाही.

वहिनी


१५ मे

वहिनी,

तुमचं अकराचं पत्र आज मिळालं. काल सांगून झालं होतं.

त्याआधी तुमचं पाचचं पत्र आठवडाभर खिशात होतं. फाडलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचून मला सुटल्यासारखं झालं होतं. वहिनीच म्हणते आहे, मग मी कोण? दोन दिवस नीट जेवलोसुद्धा.

काल मावशी कपाटाची किल्ली परत द्यायला फाटकाशी आल्या होत्या. डोकं उघडं, रुमाल नव्हता. मी वाट चुकवायला गेलो तर त्यांनीच हाक मारली. मला वाटलं, ओळखलं यांनी. तर म्हणाल्या, "नवरदेव, तुम्ही शिकलेले आहात. मला एक सांगा. मी धुताना नेमकं काय केलं असेन? रोज आठवते. झोत कमी दिला का? रुमाल सैल होता का? एकदा समजलं की मी पुन्हा करणार नाही."

त्यांना स्वतःवरच संशय यायला लागला होता, वहिनी. काम गेल्याचं त्या बोलतच नव्हत्या.

मी तिथेच म्हटलं, "मावशी, तुम्ही काही केलं नाहीत. मी केलं." मग तसाच भिंगांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कडं पुसलंस ती चूक. चूक मी लिहून घेतो आणि विसरतो. रुमाल म्हणालास, त्याचं काय लिहू?"

शिक्का मिळणार नाही. यंदा नाही असं नव्हे, मिळणारच नाही. मोजणीचं टेबल गेलं. धुण्याच्या खोलीत ठेवलंय, मावशींच्या हाताखाली. त्या सोमवारपासून परत येताहेत. कापड कुठलं विचारलं तेव्हा घरचं म्हणालो. तुमच्या पत्राचं कुणाला माहीत नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही.

दादांना काय सांगितलंत?

भावोजी


२ जून

भावोजी,

ह्यांना सगळं सांगितलं, चादरीपासून माझ्या पत्रापर्यंत. अंथरूण वगैरे काही धरलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरगं तुझ्याहून बरं निघालं." खरं आहे. समोरच्या बाईंना परवा म्हणाले, "माझा भाऊ धुण्याच्या खोलीत आहे."

खालचा मजकूर मावशींसाठी आहे. त्यांना वाचता येत नाही असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून तुम्हीच वाचून दाखवायचा. मला झाकायला म्हणून एक शब्द गाळायचा नाही.

मावशी,

मी या तुमच्या नवरदेवाची वहिनी. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. तुमचं नावही मी अजून विचारलेलं नाही, आणि तरी तुमच्याबद्दल बरंच काही ठरवून बसले होते.

तो धागा माझ्या चादरीचा. ते तुम्हाला कळलं असेल. कळलं नसेल ते हे, की यांनी मला खरं कळवून काय करू विचारलं, तेव्हा मी यांना गप्प बसायला सांगितलं. लिहून सांगितलं. तुम्हाला दुसरीकडे काम मिळेल असंही लिहिलं. त्याआधी तुम्ही चूक कबूल करावी म्हणून तुम्हाला शहाणपणाचा निरोप पाठवला होता. तो यांनी तुम्हाला दिला नाही, हे यांचे उपकार.

तुम्ही रोज स्वतःचे हात तपासत होतात, त्या दिवसांत मी देवाला तुमचं काम लवकर जाऊ दे म्हणत होते. हे मी घरातल्या माणसांपुढे कबूल केलं, देवापुढे केलं, पण त्या दोन्ही ठिकाणी मला सांभाळून घेणारे आहेत. म्हणून तुमच्यापुढे करते. तुमच्यावर माझा काही हक्क नाही.

वाचताना भावोजी अडखळले तर त्यांना थांबू देऊ नका.

उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

एक वहिनी


९ जून

वहिनी,

शब्द मावशींचे, अक्षर माझं. मी दोन ठिकाणी मऊ करून लिहायला गेलो तर "मी म्हटलं तसं लिही" म्हणून दटावलं.

बाई,

पत्र ऐकलं. हे पोरगं दोनदा अडखळलं, मी थांबू दिलं नाही.

तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं, आणि मी तुम्हाला भली बाई समजत राहिले असते. आता तसं समजत नाही. वाईटही समजत नाही. माझ्या पोरावर आलं असतं तर मी काय लिहिलं असतं, ते मला ठाऊक नाही. मला लिहिताच येत नाही, म्हणून वाचले.

राग आहे. तो तुमच्यावर कमी आणि या नवरदेवावर जास्त, कारण थेंब कसे नाहीत म्हणून मी विचारलं होतं आणि हा हसला होता. काम करायला बरा आहे. झोत धरायला अजून येत नाही, हात घाईचा आहे. शिकेल.

तुम्ही माफी मागितली नाहीत, पण पत्र त्याच्यासाठीच होतं, एवढं मला समजतं. माझं अजून ठरत नाही. ठरलं की कळवीन.

माझं नाव विचारायचं असेल तर पुढच्या वेळी मला विचारा. याला विचारू नका.